घारापुरी : लेण्यांच्या सावलीतले गाव



'बेट' हा शब्द आपल्या कळमनुरीकडच्या माणसाला तसा परका. समुद्र आपल्यापासून कितीतरी दूर. आपले पाणी म्हणजे कयाधू, पैनगंगा आणि इसापूरच्या धरणाचा फुगवटा. तरीपण बेटावर राहणे म्हणजे काय, हे आपल्याला अगदीच ठाऊक नाही असेही नाही. श्रावणात ओढ्याला पूर येतो, फरशीवरून पाणी वाहू लागते आणि पलीकडची वाडी तुटते. मास्तर अलीकडे, शाळा पलीकडे. घरात कोणी आजारी असेल तर पाणी उतरेपर्यंत देवाचे नाव घेण्याखेरीज उपाय नसतो. आपल्याकडे हे दोनचार दिवसांचे असते. पण बाराही महिने पाणी ओलांडल्यावाचून ज्या गावाला बाजार नाही, दवाखाना नाही, अशा एका गावाचा इतिहास आज सांगायचा आहे.

अशी गावे जगात पुष्कळ आहेत. एकट्या इंडोनेशियात सतरा हजारांच्या वर बेटे आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी बेटांवर शेदोनशे उंबऱ्यांची वस्ती आहे. पण त्यासाठी इतके लांब जायला नको. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापाशी उभे राहून पूर्वेकडे पाहिले तर सुमारे दहा किलोमीटरवर दोन टेकड्यांचे हिरवे बेट दिसते. ते घारापुरी. सरकारी दप्तरात ते रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. इंग्रजी पुस्तके त्याला एलिफंटा म्हणतात.

घारापुरी म्हटले की लेणी आठवतात, आणि ती आठवावीत अशीच आहेत. शाळेच्या पुस्तकातले तीन मुखांचे ते भव्य शिल्प कोणी पाहिले नसेल? पण या बेटावर माणसेही राहतात. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वाड्या, हजार-बाराशे लोकवस्ती आणि एक ग्रामपंचायत. सहली येतात, लेणी पाहतात, दुपारच्या लाँचने परत जातात. लेण्यांवर पुस्तके निघाली, परदेशी पंडितांनी आयुष्ये घालवली. गावाबद्दल मात्र त्या पुस्तकांत एखादे दुसरे पान. मला वाटते की गाव बाजूला ठेवले तर लेण्यांचा इतिहासही अर्धाच राहतो. म्हणून आज जरा उलट्या बाजूने, गावाकडून लेण्यांकडे जाऊ.

वाड्यांच्या नावांपासून सुरुवात करू. तिन्ही नावांच्या शेवटी 'बंदर' आहे. एवढ्याशा बेटाला तीन बंदरे कशासाठी? आजचे मचवे आणि मासेमारीच्या होड्या पाहिल्या तर याचा उलगडा होत नाही. पण मोराबंदराकडच्या पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या एका जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, जवळ बौद्ध लेणीही आहेत. किनाऱ्यालगत क्षत्रप राजांची नाणी सापडली आहेत. भूमध्य समुद्राकडून मद्य आणि तेल ज्या उंच, दोन कानांच्या रांजणांतून येत असे, त्यांच्या खापऱ्याही तिथे मिळाल्या आहेत. म्हणजे शिवाची लेणी खोदली जाण्याच्या कितीतरी आधी या बेटाला दूरदूरची गलबते लागत होती. लेणी झाली म्हणून इथे माणसे आली असे नव्हे. माणसांची ये-जा होती म्हणून इथे लेणी झाली.

मग ती खोदली कोणी? शिलालेख हाताशी नसल्यामुळे हा प्रश्न फार दिवस लोंबकळत राहिला. कोणी पांडवांचे नाव घेतले, कोणी राष्ट्रकूटांचे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी राजांकडे बोट दाखवले, आणि पुढे वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकानेही तेच मत उचलून धरले. बेटावर कृष्णराज कलचुरीची नाणी सापडली आहेत. हा राजा स्वतःला परममाहेश्वर, म्हणजे शिवाचा परमभक्त, म्हणवीत असे, आणि त्याच्या नाण्यावर नंदी आहे. तेव्हा सहाव्या शतकाचा मध्य हा काळ आज बहुतेक जण मान्य करतात.

शिक्षक बंधुभगिनींना इथे एक गोष्ट मुद्दाम सुचवतो. आपल्या शाळांच्या सहली वेरूळला जातात. मुले कैलास लेणे पाहून थकतात आणि एकोणतिसाव्या लेण्यापर्यंत कोणी जात नाही. त्याला डुमार लेणे म्हणतात, कोणी सीतेची नहाणीही म्हणतात. ते जरूर पाहा. तीन बाजूंनी उघडा असलेला मोठा मंडप, आत चार दारांचे शिवलिंगाचे गर्भगृह, प्रत्येक दाराशी उभे राहिलेले प्रचंड द्वारपाल. घारापुरीच्या मोठ्या लेण्याचा आराखडा हाच आहे. समुद्रातले बेट आणि आपल्या मराठवाड्यातला डोंगर यांची ही नाळ दगडात कोरलेली आहे. घारापुरी काही आपल्याला परमुलूख नाही.

नाळ आणखीही एक आहे. तिच्यासाठी 'पुरी' या नावाचा माग काढावा लागतो. कर्नाटकात ऐहोळे येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचा प्रसिद्ध शिलालेख आहे, शके ५५६ चा, म्हणजे इसवी सन ६३४ चा. कवी रविकीर्ती त्यात सांगतो की पुलकेशीने पश्चिम समुद्राची जणू लक्ष्मीच अशा पुरी नगरीवर शेकडो नावांनिशी हल्ला केला, आणि त्या नावा मदमस्त हत्तींच्या झुंडीसारख्या दिसत होत्या. ही पुरी कोकणच्या मौर्यांची राजधानी. पुढे उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य झाले, तेव्हा त्यांच्या ताम्रपटांतही 'पुरी ज्यात प्रमुख आहे असा चौदाशे गावांचा कोकण' असा उल्लेख येतो.

ही पुरी म्हणजेच घारापुरी काय? विद्वानांत एकमत नाही. कोणी जंजिऱ्याजवळच्या राजपुरीचे नाव घेतात. आता मी माझे मत सांगतो, पटले तर घ्या. घारापुरीचा विस्तार भरतीच्या वेळी सुमारे दहा चौरस किलोमीटर. त्यात दोन डोंगर. प्यायला पावसाचे पाणी. अशा ठिकाणी राजा, दरबार, हत्तीघोडे, फौजफाटा यांचा निभाव बारमाही लागेल असे मला वाटत नाही. पण बंदर म्हणून, जकातीचे ठाणे म्हणून आणि देवस्थान म्हणून तिचा मान मोठा असला पाहिजे. 'राजबंदर' हे नाव उगाच पडलेले नसावे. राजधानी असो वा नसो, राजांची नजर या जागेवर होती एवढे खरे.

तेराव्या शतकात ही नजर आपल्या देवगिरीहून वळली. यादव राजा महादेव आणि शिलाहार राजा सोमेश्वर यांची लढाई झाली. सोमेश्वराचा भरवसा आरमारावर. महादेवाचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो आणि ज्याचे नाव औंढ्या नागनाथासारख्या देवळांच्या बांधणीला लोकांनी देऊन टाकले आहे, तो आपल्या प्रशस्तीत लिहितो की सोमेश्वराने महादेवाला तोंड देण्यापेक्षा समुद्रात बुडून जाणे पत्करले. ही गोष्ट साधारण १२६५ च्या आसपासची. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे वीरगळ आहेत, त्यांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. काही अभ्यासक ते वीरगळ याच युद्धाचे मानतात. आपल्या मारुतीच्या देवळापुढे शेंदूर लावलेले वीरगळ असतात, तसलेच हे. फरक इतकाच की आपल्याकडे गाईंसाठी लढणारा वीर दिसतो आणि तिथे वल्ही मारणारे खलाशी.

इथपर्यंत हा मुलूख आपल्याच राजांच्या आपसातल्या भांडणांचा होता. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगीजांशी तह करून वसई आणि आसपासची बेटे त्यांना देऊन टाकली. त्यात हे बेटही गेले. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य इथे येऊन गेला. त्याचे पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. त्यात तो लिहितो की या बेटाचे नाव 'पोरी' आहे आणि आम्ही त्याला हत्तीचे बेट म्हणतो. पाहा हं, जुने नाव अजून लोकांच्या तोंडी होते, ते त्याने नोंदवून ठेवले, आणि त्याच वाक्यात नवे नावही दिले.

हत्ती कोणता? राजबंदरच्या बाजूला एका खडकातून कोरलेला मोठा दगडी हत्ती होता. लांबी तेरा फूट, उंची सातसव्वासात फूट. गलबतातून येणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसे, म्हणून बेट हत्तीचे झाले. पुढे इंग्रजांनी तेच नाव उचलले. नाव देणाऱ्याला बंदरावर जे दिसले ते नाव झाले. गावाला काय म्हणतात हे विचारण्याची त्याला गरज वाटली नाही.

यापेक्षाही मोठी एक हानी झाली, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला तीच अधिक सलते. दिओगो द कोउतो हा पोर्तुगीज इतिहासकार सांगतो की लेण्यापाशी एक मोठी शिळा होती आणि तिच्यावर लेख कोरलेला होता. पोर्तुगीजांनी ती काढली आणि राजा तिसरा जुआंव याच्याकडे पोर्तुगालला पाठवली. तिथे राजाने ती वाचून घेण्याचा प्रयत्न केला, पण कोणालाच ती वाचता आली नाही. पुढे ती शिळा हरवली. आज तिचा पत्ता नाही. लेणी कोणी खोदली, कोणत्या साली, कोणत्या गावाचे उत्पन्न देवाला लावून दिले, दिवाबत्तीची काय व्यवस्था होती, हे सारे कदाचित त्या एका दगडावर असेल. गावाची सनदच म्हणा ना. ती वाचू शकणारा एखादा पंडित कोकणात किंवा देशावर शोधायचा सोडून ती समुद्रापार धाडली. असो.

पोर्तुगीज शिपायांनी मूर्तींवर गोळ्या झाडल्या अशी तक्रार जुन्या लिखाणात पुष्कळदा येते, आणि मोडलेले हातपाय पाहिले की ती खोटी वाटत नाही. पण सगळा दोष बंदुकीला देणेही बरोबर नाही. पूजाअर्चा थांबल्यावर लेण्यांत गुरे बसू लागली, छतातून पाणी झिरपत राहिले, खांब तुटले. ओसाड देवळाचे काय होते हे आपण आपल्याकडे पाहतोच.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इकडचा पोर्तुगीज अंमल संपला. मराठ्यांच्या हाती हा मुलूख तीसपस्तीस वर्षेच राहिला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर घारापुरीही त्यांच्याकडे कायमची राहिली. तहाच्या कलमात बेटाचे नाव आले. बेटावरच्या माणसांना त्याची वार्ता केव्हा लागली असेल कोण जाणे. त्यांच्या दृष्टीने सारा घ्यायला येणारा माणूस बदलला.

मधल्या काळात प्रवासी येत राहिले. १७१२ साली पाइक नावाच्या इंग्रज कप्तानाने लेण्यांचे वर्णन केले, हत्तीचे चित्र काढले. त्या काळी लेण्याच्या वाटेवर एक दगडी घोडाही होता. पुढच्या प्रवाशांना तो दिसेनासा झाला. १७६४ मध्ये कार्स्टन नीबुहर या जर्मन प्रवाशाने फूटपट्टी लावून लेणे मोजले आणि नकाशे काढले. मोठ्या लेण्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १३० फूट. समोरच्या भिंतीवरची ती त्रिमुखी मूर्ती सुमारे १८ फूट उंच. लोक तिला त्रिमूर्ती, म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणतात, पण ती एकट्या शिवाची, सदाशिवाची मूर्ती आहे. मधले मुख शांत. एका बाजूचे उग्र, मिशा असलेले. दुसऱ्या बाजूचे कोमल, जवळजवळ बाईसारखे. शिक्षकांनी मुलांना हे नीट सांगावे, कारण चुकीचे नाव पाटीवर एकदा लिहिले गेले की पुसायला पिढ्या लागतात.

बिचाऱ्या हत्तीचे पुढे हाल झाले. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोके गळून पडले. १८६४ साली इंग्रजांना वाटले की हा विलायतेला न्यावा. उचलताना साखळी तुटली, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आणून टाकले. १९१४ साली ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. राणीच्या बागेला आज जिजामाता उद्यान म्हणतात. तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आहे. म्हणजे ज्या हत्तीवरून बेटाचे नाव पडले तो बेटावर नाही, आणि नाव मात्र बेटावरच राहिले!

१८७५ साली इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानात आले. त्यांच्यासाठी या लेण्यात मेजवानी झाली. दिव्यांच्या उजेडात, शिवाच्या मूर्तींसमोर, टेबले मांडून जेवणे झाली. हे साल लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे. १९०९ मध्ये लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आली, आणि १९८७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ही दोन्ही कामे चांगली झाली, यात वाद नाही. ती झाली नसती तर उरलेसुरलेही राहिले नसते.

पण गावाचे काय? आता लोक तिथे कसे राहतात ते पाहू. भाताची खाचरे थोडी, मासेमारी, होड्यांची डागडुजी. आगरी-कोळी वस्तीचा पिढ्यानपिढ्यांचा हाच संसार. पाणी पावसाचे, डोंगराच्या कुशीत बंधारा घालून अडवलेले. भोवती खारे पाणी अथांग आणि प्यायचे पाणी जपून वापरायचे. आपल्या दुष्काळी भागातल्या बाईला हे वेगळे समजावून सांगायला नको. बेटाच्या चारी बाजूंना विसाव्या शतकात मोठमोठे उद्योग उभे राहिले. एका अंगाला तेलाच्या जहाजांचे जवाहर द्वीप, पलीकडे तुर्भ्याचे अणुकेंद्र, दुसऱ्या बाजूला १९८९ साली सुरू झालेले न्हावाशेव्याचे बंदर. मोठ्या जहाजांच्या वाटेत लहान होडीने जाळे टाकायचे कसे? मासेमारी आक्रसली. मग माणसे सहलवाल्यांवर पोट भरू लागली. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत १२० पायऱ्या आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना दुकाने लागली. कोणी माळा-मूर्ती विकतो, कोणी काकडी आणि कैरी, कोणी थकलेल्या म्हाताऱ्या माणसांना डोलीतून वर नेतो. पावसाळ्यात दर्या खवळला की लाँच बंद होतात आणि ही कमाईही थांबते.

आणि रात्र! पाहुण्यांना बेटावर मुक्कामाची परवानगी नाही. शेवटची लाँच गेली की बेट गावकऱ्यांचे. पूर्वी पर्यटन महामंडळाचे डिझेलचे जनित्र संध्याकाळी तीन-चार तास चाले, तेवढाच उजेड. त्यानंतर कंदील. समोर पाण्यापलीकडे मुंबईची रोषणाई रात्रभर झगमगत असे आणि इकडे पोरे कंदिलाच्या उजेडात गणिते सोडवीत. रात्री-अपरात्री कोणाची बाळंतीण अडली तर अंधारात होडी लोटायची. आपण म्हणतो, फार आडवळणाचे गाव आहे म्हणून सुधारणा पोचली नाही. हे गाव देशातल्या सर्वांत श्रीमंत शहराच्या डोळ्यांसमोर होते. तेव्हा अडचण अंतराची होती असे मला वाटत नाही. या बेटावर जो कोणी उतरला तो दगड पाहायला उतरला, आणि दगडांना रात्रीच्या दिव्याची गरज नव्हती.

वीज आली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. समुद्राच्या तळाखालून साडेसात किलोमीटर केबल टाकली, सुमारे २५ कोटी रुपये खर्च झाला, आणि तिन्ही वाड्यांत दिवे लागले. स्वातंत्र्याला सत्तर वर्षे होऊन गेली होती. युवराजांची पंगत झाली त्याला एकशे त्रेचाळीस वर्षे. त्यासाठी ते साल लक्षात ठेवा म्हटले होते. दिवे आल्यावर थंड पेट्या आल्या, मासळी टिकू लागली. साध्या गोष्टी, पण घराचा हिशेब बदलून टाकणाऱ्या. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावाशेव्याला जाणारा अटल सेतू खुला झाला. जवळपास बावीस किलोमीटरचा तो पूल याच खाडीवरून जातो. गाव्हाणकर जसा पलीकडच्या पाटाचे पाणी पाहतो, तसे घारापुरीचे लोक त्याच्यावरून जाणाऱ्या गाड्या पाहतात. त्या पुलाला बेटाकडे फाटा नाही.

एक गंमत सांगतो. पुरातत्त्व खात्याच्या नियमाने लेणी आठवड्यातून एक दिवस बंद असतात, आणि तो वार सोमवार आहे. शंकराच्या दर्शनाला सोमवारी बंदी! औंढ्याला असे सांगून पाहा. तेव्हा शिक्षकांनी सहल आखताना सोमवार टाळावा, आणि पावसाळाही टाळावा. सकाळची पहिली लाँच धरावी. लेणी पाहून झाली की लगेच धक्क्याकडे वळू नये. मुलांना घेऊन राजबंदराकडे चालत जावे, हत्तीची जागा कुठे होती ते तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, आणि मोराबंदरकडच्या विटांच्या टेकडीचीही चौकशी करावी. मुंबईत मुक्काम असला तर दुसऱ्या दिवशी जिजामाता उद्यानात जाऊन तो हत्तीही मुलांना दाखवावा. जोडलेल्या भेगा जवळून स्पष्ट दिसतात.